त्रिनिलचे संशोधक डॉ. युजीन द्युबुआ

जावा बेटात सोलो नावाची एक मोठी नदी आहे. तिच्या एका वळणावर त्रिनिल नावाचे खेडे असून तेथे काठावर एक साधा दगड उभा केलेला आहे. त्यावर कोणाची स्तुती नाही, कोणाचे नावही नाही. दोन आद्याक्षरे, १७५ मीटर हे अंतर, पूर्व-ईशान्य ही दिशा आणि १८९१ ते १८९३ ही साले, एवढाच मजकूर त्यावर कोरलेला आहे. ज्यास अर्थ ठाऊक नाही त्यास हा मोजणीखात्याचा एखादा दगड वाटावा. परंतु मनुष्यजातीच्या पूर्वेतिहासाचा शोध करणाऱ्यांना हे स्थळ फार मोलाचे वाटते. कारण त्या दिशेने तितक्या अंतरावर, नदीच्या पात्रालगत, एका प्राचीन मानवसदृश प्राण्याच्या कवटीचा वरचा भाग सापडला. ज्या पुरुषाने तो शोधून काढविला, आणि पुढे आयुष्यभर त्या शोधाचे सुख व दुःख दोन्ही भोगले, त्या डॉ. युजीन द्युबुआ यांचे चरित्र आम्ही यंदाच्या अंकात आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

युजीन द्युबुआ यांचा जन्म २८ जानेवारी १८५८ रोजी हॉलंड देशाच्या दक्षिण टोकास, लिंबर्ग प्रांतातील आइस्डेन या गावी झाला. वडील औषधे तयार करून विकण्याचा धंदा करीत. ते गावचे नगराध्यक्षही झाले होते. घराणे रोमन कॅथॉलिक पंथाचे व श्रद्धाळू. आइस्डेनपासून जवळच मास्ट्रिक्टच्या बाजूस चुनखडीचा एक डोंगर आहे. तेथील खाणींत अठराव्या शतकात एका प्रचंड जलचर सरड्याचे जबडे सापडले होते व त्यांची कीर्ती साऱ्या युरोपात झाली होती. अशा प्रदेशात वाढलेल्या मुलास दगडांतील शंखशिंपल्यांचा नाद लागावा, यात नवल नाही. आपल्या शाळेतील मुलेही ओढ्याकाठचे गुळगुळीत गोटे खिसे फाटेपर्यंत भरून आणतात. फरक इतकाच की, युजीनचा तो नाद मोठेपणीही सुटला नाही.

१८७७ साली तो वैद्यकाच्या अभ्यासासाठी अॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठात गेला व १८८४ साली डॉक्टर झाला. रोग्यांची नाडी पाहण्यापेक्षा शरीराची रचना पाहण्यात त्याचे मन अधिक रमे. म्हणून तो शारीरशास्त्राचे अध्यापक फ्यूरब्रिंगर यांचा साहाय्यक झाला, आणि १८८६ साली त्याच विषयाचा व्याख्याता झाला. त्याच वर्षी त्याचा विवाह झाला. वय अठ्ठावीस, विद्यापीठातील जागा, पुढे प्राध्यापक होण्याची खात्री. कोणत्याही पालकाने समाधान मानावे अशीच ही स्थिती होती. पण स्वरयंत्राच्या रचनेसंबंधी द्युबुआ यांनी जे संशोधन केले त्याच्या श्रेयावरून गुरुशिष्यांत कटुता आली. आपले श्रेय दुसरा घेईल ही शंका द्युबुआ यांच्या मनात तेव्हा जी शिरली ती पुढे कधीच गेली नाही. हे आम्ही आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढील कथेतील बऱ्याच गोष्टींचे मूळ येथे आहे.

त्या काळी युरोपात मनुष्याच्या उत्पत्तीविषयी मोठा वाद माजला होता. डार्विन यांनी १८७१ साली मानवाच्या वंशासंबंधीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. जर्मनीतील हेकेल या पंडिताने तर वानर व मानव यांच्या मधल्या, अद्याप कोणीही न पाहिलेल्या प्राण्याचे नावही ठरवून टाकले होते : पिथेकँथ्रोपस. ग्रीक भाषेत पिथेकोस म्हणजे वानर व अँथ्रोपोस म्हणजे मनुष्य. मूल जन्मण्यापूर्वीच बारसे उरकावे तसा हा प्रकार होता. प्रत्यक्ष पुरावा पाहू गेल्यास फारच तुटपुंजा. जर्मनीतील निआंडर खोऱ्यात १८५६ साली सापडलेली हाडे होती, आणि १८८६ साली बेल्जममध्ये स्पी येथील गुहेत तशाच जातीचे दोन सांगाडे मिळाले. पण तीही माणसेच, फार तर वेगळ्या घडणीची. मधला दुवा म्हणावा असे काही कोणाच्या हाती नव्हते.

तो दुवा आपण शोधावा असे द्युबुआ यांनी मनात घेतले, आणि कोठे शोधावा याचा विचार चालविला. मनुष्याच्या अंगावर केसांचे आवरण नाही, तेव्हा त्याचे पूर्वज उष्ण प्रदेशात राहत असले पाहिजेत. मनुष्याशी सादृश्य असलेले वानर उष्ण प्रदेशातच आढळतात. त्यांतील ओरांगउटान व गिबन हे मलायी द्वीपसमूहात राहतात. आपल्या हिंदुस्थानात शिवालिक टेकड्यांत मोठ्या वानराचा जीवाश्म सापडलेला होता, व त्या काळचे इतर प्राणी जावातील प्राण्यांशी जुळतात असे विद्वानांचे मत होते. शिवाय त्या बेटांत चुनखडीच्या गुहा पुष्कळ, आणि बेटांवर राज्य डचांचे. असा हिशेब बसवून त्यांनी पूर्वेची वाट धरण्याचा निश्चय केला.

आता येथे आमच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या अनुमानांपैकी महत्त्वाची जी अनुमाने ती पुढे टिकली नाहीत. डार्विन यांचा कल आफ्रिकेकडे होता, आणि १९२४ साली दक्षिण आफ्रिकेत ताउंग येथे सापडलेल्या बालकवटीपासून आजपर्यंत जे पुरावे हाती आले त्यांवरून मानवकुलाचा उगम आफ्रिका खंडातच झाला हे मत दृढ झाले आहे. गिबन तर आपल्यापासून बराच दूरचा नातलग ठरला. तेव्हा द्युबुआ यांचा नकाशा चुकीचा होता; पण त्या नकाशावर भरवसा ठेवून चालत गेलेल्या माणसास रस्त्यात खराच ठेवा मिळाला.

वसाहतीच्या सरकारकडे त्यांनी संशोधनासाठी पैसा मागितला, तो मिळाला नाही. तेव्हा त्यांनी जे केले त्याने त्यांचे स्नेही थक्क झाले. विद्यापीठातील जागेचा राजीनामा देऊन ते डच वसाहतींच्या फौजेत साधे लष्करी डॉक्टर म्हणून दाखल झाले! २९ ऑक्टोबर १८८७ रोजी गर्भवती पत्नी व तान्ही मुलगी यांस घेऊन ते जहाजावर चढले, आणि डिसेंबरात सुमात्रा बेटातील पाडांग बंदरी उतरले. गुरूंनी, मित्रांनी व घरच्या वडीलधाऱ्यांनी या कृत्यास वेडेपणा म्हटले असल्यास आम्हांस त्यांचा राग येत नाही. आमच्या मुलाने उद्या असे काही केले तर आम्ही काय म्हणू, याची आम्हांस कल्पना आहे.

पाडांग येथील रुग्णालयात काम फार. फौजेतील शिपाई हिवतापाने व अतिसाराने आजारी पडत, त्यांची शुश्रूषा करून उरलेल्या वेळेत गुहा धुंडावयाच्या. १८८८ साली त्यांनी डोंगराळ भागातील पायाकुंबुह या ठाण्यावर आपली बदली करून घेतली. तेथे लिदा आजेर नावाच्या गुहेत ओरांगउटान वगैरे प्राण्यांचे पुष्कळ दात मिळाले. त्याच सुमारास एका नियतकालिकात लेख लिहून त्यांनी, हे संशोधन राष्ट्राने हाती घेणे कसे अगत्याचे आहे, ते सरकारास पटवून दिले. १८८९ साली सरकारने त्यांस रुग्णालयाच्या कामातून मोकळीक दिली, आणि देखरेखीसाठी फौजेतील माणसे व खोदाईसाठी सुमारे पन्नास कैदी दिले.

कैदी हा शब्द वाचून पुढे जाऊ नये. या चरित्रात कुदळ कोणाच्या हाती होती असे कोणी विचारील तर उत्तर हेच आहे. वेठीचे काम, रानातील हिवताप, बाधलेले अन्न. कित्येक आजारी पडले, कित्येक पळून गेले. सुमात्रातील गुहांनी एवढे करूनही निराशाच केली, कारण तेथील हाडे अलीकडच्या काळची निघाली. द्युबुआ यांसही हिवतापाने ग्रासले.

इतक्यात जावाकडून वार्ता आली. फान रीटस्कोटेन नावाच्या एका खाणकामाच्या इंजिनियरास संगमरवराचा शोध करीत असता १८८८ साली वाजाक येथे मनुष्याची एक जीवाश्मरूप कवटी सापडली होती. ती द्युबुआ यांजकडे पोहोचली. जावातील हवाही अधिक कोरडी. १८९० साली ते कुटुंबासह जावास गेले व तुलुंगागुंग येथे राहू लागले. त्याच वर्षी वाजाक येथे त्यांना दुसरी कवटी मिळाली. परंतु या दोन्ही कवट्या आपल्यासारख्याच मनुष्याच्या होत्या. द्युबुआ यांस हवा होता तो प्राणी हा नव्हे. त्यांनी सरकारी अहवालात त्यांची थोडक्यात नोंद केली व पेटीत बंद करून ठेविल्या.

जावात गुहांऐवजी उघड्या नदीकाठी खोदावे असे त्यांनी ठरविले. सोलो नदी ज्वालामुखीच्या राखेचे व वाळूचे जुने थर कापीत वाहते, आणि त्या थरांतून हत्ती, गेंडे, हरिण, मगर यांची दगड झालेली हाडे बाहेर डोकावत असतात. गावकऱ्यांस ही हाडे नवी नव्हती. ते त्यांस बालुंग बुतो म्हणत, म्हणजे राक्षसांची हाडे. जावी भाषेतील हा बुतो म्हणजे आपल्याकडील भूतच होय. संस्कृतातून तो शब्द तेथे पोहोचला. खोदणाऱ्यांपैकी काही जण मिळालेली हाडे चोरून चिनी व्यापाऱ्यांस विकत, आणि ते व्यापारी ती कुटून औषधात घालीत. द्युबुआ यांनी याविषयी वारंवार तक्रार केली आहे. त्यांच्या दृष्टीने ती चोरी होती. मात्र गावचे लोक ज्या हाडांस पिढ्यान्पिढ्या ओळखत होते ती मुळात कोणाची, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर पुढे येईल.

क्रीले व डी विंटर हे फौजेतील दोघे कनिष्ठ अंमलदार त्रिनिल येथे कैद्यांवर देखरेख करीत. द्युबुआ स्वतः अधूनमधून येऊन पाहणी करीत, एरवी तुलुंगागुंग येथे राहून पाठविलेली हाडे साफ करून तपाशीत. पावसाळ्यात नदी भरून काम बंद पडे. पाणी ओसरले की पुन्हा सुरू. ऑगस्ट १८९१ मध्ये त्रिनिल येथील खोदाईस प्रारंभ झाला. सप्टेंबरात एक दाढ मिळाली, वानराच्या दाढेसारखी. ऑक्टोबरात तिच्यापासून थोड्याच अंतरावर एक तपकिरी, जड, वाटीसारखी वस्तू निघाली. प्रथमदर्शनी कासवाच्या पाठीचा तुकडा वाटावा अशी ती होती. ती कवटीचे झाकण होते. ज्याच्या कुदळीखाली ती आली त्या मनुष्याचे नाव कोठेही लिहिलेले नाही.

या झाकणाचे वर्णन करणे अवश्य आहे. आपण आपल्या कपाळावरून हात वर नेला तर तो जवळजवळ सरळ उंच चढतो. त्रिनिलच्या कवटीत तसे नाही. भुवयांच्या जागी हाडाची जाड पडवी पुढे आलेली, तिच्यामागे कपाळ एकदम सपाट होऊन मागे झुकलेले, आणि सबंध कवटी लांबट व बुटकी. आत मेंदूसाठी जागा किती? द्युबुआ यांनी प्रथम केलेला अंदाज लहान होता. पुढे तो त्यांनी वाढवीत नेला, आणि अखेर सुमारे ९०० ते १००० घनसेंटिमीटर असा ठरला. मोठ्या वानरांचा मेंदू साधारण ४०० ते ५०० घनसेंटिमीटरांचा असतो, आपला सुमारे १३५० चा. म्हणजे हा प्राणी खरोखरच मधोमध उभा होता.

ऑगस्ट १८९२ मध्ये, कवटीच्या जागेपासून सुमारे पंधरा मीटर वर, त्याच नदीकाठी मांडीचे एक संपूर्ण हाड सापडले. त्याच्या वरच्या भागास रोगामुळे झालेली हाडाची वेडीवाकडी वाढ आहे. पण एरवी ते मनुष्याच्या हाडासारखे सरळ आहे. असे हाड असणारा प्राणी दोन पायांवर ताठ चालत असला पाहिजे. दात, कवटी व मांडी ही एकाच प्राण्याची असे द्युबुआ यांनी ठरविले, आणि हेकेलने पूर्वीच करून ठेवलेले नाव त्यास देऊन त्यापुढे ताठ उभा या अर्थाचा लॅटिन शब्द जोडला : पिथेकँथ्रोपस इरेक्टस. १८९४ साली बटाव्हिया येथे त्यांनी यावर जर्मन भाषेत ग्रंथ प्रसिद्ध केला. मेंदू अजून पुरता वाढला नसता प्राणी ताठ चालू लागला होता, हे त्यातील तात्पर्य त्या काळच्या पुष्कळ पंडितांच्या समजुतीच्या उलट होते. ते समजत की आधी बुद्धी वाढली व मग चाल सुधारली. या एका मुद्द्यात काळाने द्युबुआ यांस पूर्ण न्याय दिला.

१८९५ च्या आरंभी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्यास ठेविलेले शिवालिकचे जीवाश्म जावातील जीवाश्मांशी ताडून पाहावे हा हेतू. त्याच वर्षी ते हॉलंडास परतले. बरोबर हजारो जीवाश्मांनी भरलेल्या शेकडो पेट्या होत्या. सागरात वादळ झाले तेव्हा मुलांकडे पत्नीने पाहावे, आपण हाडांची पेटी सांभाळू, असे त्यांनी ठरविले होते म्हणून सांगतात. गोष्ट खरी असो वा रचलेली, मनुष्य कसा होता ते तीवरून कळते. वडील एव्हाना हयात नव्हते. आईने ती हाडे पाहून, बाळा, याचा उपयोग काय, अशा आशयाचा प्रश्न केल्याची आख्यायिका आहे. तेथवर जाऊन आलेल्या मुलास आईला काय उत्तर देता आले असेल?

सप्टेंबर १८९५ मध्ये लायडेन येथे प्राणिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे द्युबुआ यांनी मूळ हाडेच मेजावर मांडली. जर्मनीतील फिर्खो हे त्या काळचे अत्यंत वजनदार वैद्यकपंडित. त्यांनी हा प्राणी मोठा गिबन असावा असे मत दिले, व सर्व हाडे एकाच जीवाची कशावरून, अशी शंकाही काढली. अमेरिकेतील मार्श यांनी द्युबुआ यांची बाजू उचलून धरली. पुढे ते ठिकठिकाणी हाडे घेऊन हिंडले : पॅरिस, लंडन, एडिंबरो, डब्लिन, बर्लिन, येना. स्थूलमानाने पाहिले तर इंग्रज पंडितांस ती मनुष्याची वाटली, जर्मनांस वानराची. पॅरिसमध्ये मानुव्रिये या विद्वानासह एका उपाहारगृहात जेवून निघाल्यावर हाडांची पेटी तेथेच राहिली, व आठवण होताच दोघे धावत परत गेले, अशी एक गोष्ट सांगतात. पेटी जागच्या जागी होती. उपाहारगृहातील नोकरास तिचे मोल ठाऊक नव्हते हे बरेच झाले.

१८९७ साली अॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. १८९९ साली ते तेथे भूगर्भशास्त्र व जीवाश्मशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. हार्लेम येथील टायलर संग्रहालयात ते अभिरक्षकही होते. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी आपल्या मुलास समोर उभा करून पिथेकँथ्रोपसचा पूर्णाकृती पुतळा घडविला.

आणि मग दार बंद झाले. वाद वाढत गेला. ज्यांनी कधी जावा पाहिले नाही अशांनी मोठमोठे प्रबंध लिहिले. जर्मनीतील श्वाल्बे यांनी तर त्या कवटीवर स्वतंत्र विस्तृत ग्रंथच प्रसिद्ध केला. आपल्या कष्टांचे पीक दुसरा कापून नेतो आहे असे द्युबुआ यांस वाटले. विसाव्या शतकाच्या आरंभापासून सुमारे वीस वर्षे त्यांनी मूळ हाडे जवळजवळ कोणासही पाहू दिली नाहीत. कोणी दूरदेशाहून आला तरी भेट नाकारली जाई. या काळात ते निरुद्योगी होते असे मात्र नाही. कवटीत घट्ट बसलेला दगड ते दंतवैद्याच्या बारीक सुताऱ्याने कोरून काढीत होते, म्हणजे मेंदूच्या घड्यांचे ठसे आतून दिसावे. आणि दुसरीकडे प्राण्याच्या देहाचे वजन व मेंदूचे वजन यांच्यातील प्रमाण कोणत्या नियमाने वाढते, याचे गणित त्यांनी मांडले. देह दुप्पट झाला तर मेंदू दुप्पट होत नाही, पण ठराविक गतीने वाढतो, हे त्यांचे निरीक्षण या विषयाच्या पायाभूत कामांत गणले जाते. तरीही जी वस्तू त्यांनी सरकारी खर्चाने व कैद्यांच्या श्रमाने मिळविली ती स्वतःच्या कपाटात ठेवण्याचा अधिकार त्यांस नव्हता, असे आमचे स्पष्ट मत आहे. शास्त्रातील पुरावा दहा जणांनी उलटून पाहिल्यावाचून पुरावा होत नाही. १९२३ साली अमेरिकेतील ऑसबर्न यांनी डच विद्वत्परिषदेकडे दाद मागितली, आणि अखेर कपाट उघडले. अमेरिकेतून आलेले हर्डलिच्का हे त्या वेळी हाडे पाहू शकलेल्या पहिल्या विद्वानांपैकी एक होत.

वाजाक येथील कवट्यांचे सविस्तर वर्णनही त्यांनी तीस वर्षांनी, १९२० च्या सुमारास प्रसिद्ध केले. यावरून त्यांनी त्या मुद्दाम लपविल्या असा आरोप पुढे काही जणांनी केला. सरकारी अहवालांत त्यांची नोंद प्रथमपासून होती, हे आम्ही वर सांगितलेच आहे. उशीर हा दोष होय; लबाडी नव्हे.

दरम्यान जगाची शोधयात्रा पुढे गेली. चीनमध्ये पेकिंगजवळ झोउकोउदियान येथे १९२९ साली एक संपूर्णप्राय कवटी सापडली. ती त्रिनिलच्या कवटीची सख्खी बहीण शोभेल अशी. नंतर जावातच सांगिरान येथे फॉन क्योनिग्सवाल्ड यांना १९३७ साली आणखी एक कवटी मिळाली. (प्रत्येक तुकड्यास वेगळे पैसे देण्याचे त्यांनी कबूल केले होते, म्हणून गावकऱ्यांनी मोठे तुकडे फोडून लहान केले, असे तेच सांगत.) द्युबुआ यांचा प्राणी खरा होता याची यापेक्षा चांगली साक्ष ती कोणती? पण म्हाताऱ्या द्युबुआंना आनंद झाला नाही. पेकिंगचा मनुष्य हा मनुष्यच, त्याचा पिथेकँथ्रोपसशी संबंध नाही; सांगिरानची कवटीही वेगळी; खरा दुवा तो एकटा त्रिनिलचा, असे ते अखेरपर्यंत भांडत राहिले.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. द्युबुआ यांनी म्हातारपणी आपला शोध मागे घेतला व तो प्राणी केवळ एक मोठा गिबन होता असे मान्य केले, अशी एक हकीकत पुष्कळ पुस्तकांतून छापलेली आढळते. आम्हीही ती कित्येक वर्षे वर्गात सांगितली. आमच्यापैकी काही पालकांस ती ऐकून समाधानही वाटले असेल, कारण जुन्या हाडांचा हा सारा व्यवहार पवित्र शास्त्राच्या विरुद्ध आहे असे त्यांस वाटते. पुढे नीट वाचता कळले की हकीकत खोटी आहे. १९३० नंतरच्या लेखांत द्युबुआ यांनी त्या प्राण्याची देहयष्टी गिबनासारखी होती असे म्हटले, हे खरे. पण त्यामागे त्यांचे मेंदूचे गणित होते. गिबनाच्या प्रमाणाने देहाचे वजन काढले म्हणजे त्या प्राण्याचा मेंदू वानरांच्या दुप्पट व मनुष्याच्या निम्मा बसे, आणि मधला दुवा ही त्याची पदवी कायम राहे. ते माघार घेत नव्हते, आपला किल्ला नव्या रीतीने लढवीत होते. गणित चुकले, माघार मात्र नव्हती. जी गोष्ट आपल्या मनास सोयीची वाटते ती तपासल्यावाचून मुलांस सांगितली, याचे आम्हांस वाईट वाटते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायावर आमची श्रद्धा आहे व ती एका खोट्या हकीकतीच्या टेकूवर उभी नाही; ज्याने नदी निर्माण केली त्यानेच तिच्या काठी ती हाडे राखून ठेविली, असे आम्ही समजतो. ज्यांस हे पटत नाही त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही.

द्युबुआ यांनी लहानपणीचा धर्म तारुण्यातच सोडला होता. अखेरची वर्षे त्यांनी लिंबर्ग प्रांतातील हालेन येथील आपल्या मळ्यावर काढली. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात असता १६ डिसेंबर १९४० रोजी तेथे त्यांचा अंत झाला. त्यांना व्हेन्लो येथील सार्वजनिक दफनभूमीत पुरले आहे.

त्यांनी दिलेले नाव अर्धे राहिले, अर्धे गेले. १९५० साली मायर यांनी सुचविल्यानंतर जावा व पेकिंग येथील हे प्राणी मनुष्याच्याच गणात घालण्यात आले, आणि पिथेकँथ्रोपस जाऊन होमो आले. इरेक्टस हा द्युबुआ यांचा शब्द मात्र कायम आहे. मांडीच्या हाडाविषयी पुष्कळ विद्वानांस आता असे वाटते की ते कवटीच्या मालकाचे नसून बरेच अलीकडचे असावे. म्हणजे फिर्खो यांची ती शंका अगदीच पोकळ नव्हती. तरी इतरत्र सापडलेल्या सांगाड्यांवरून होमो इरेक्टस ताठ चालत असे हे निर्विवाद ठरले आहे. आपल्या देशात नर्मदाकाठी हथनोरा येथे १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना जी प्राचीन कवटी मिळाली, तिची तुलनाही प्रथम याच जातीशी करण्यात आली.

त्यांच्या पेट्यांतून अजूनही नवे काही निघत असते. लिदा आजेर गुहेत त्यांना मिळालेल्या दातांपैकी दोन आपल्यासारख्या मनुष्याचे असून ते ६३,००० ते ७३,००० वर्षांपूर्वीचे आहेत, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्याहून नवलाची गोष्ट शिंपल्याची. त्रिनिल येथे हाडांबरोबर गोड्या पाण्यातील शिंपलेही गोळा करून लायडेनला पाठविलेले होते. शंभरांहून अधिक वर्षे ते पेटीत पडून राहिले. २००७ साली काढलेल्या छायाचित्रांत एका शिंपल्यावर नागमोडी रेघा कोरलेल्या दिसल्या, आणि तपासणीअंती २०१४ साली जाहीर झाले की त्या सुमारे पाच लक्ष वर्षांपूर्वी कोणीतरी टोकदार वस्तूने हेतुपूर्वक ओढलेल्या आहेत. द्युबुआ यांनी ज्याचा मेंदू आयुष्यभर मोजला त्याच्या हातची रेघ त्यांच्याच पेटीत होती, आणि ती त्यांच्या दृष्टीस पडली नाही.

आता त्या राहिलेल्या प्रश्नाकडे येतो. १९४५ साली इंडोनेशियाने आपले स्वातंत्र्य घोषित केले, व पुढे द्युबुआ यांचा संग्रह आपणांस परत मिळावा अशी मागणी केली. सप्टेंबर २०२५ मध्ये डच सरकारने २८,००० हून अधिक जीवाश्मांचा तो सबंध संग्रह परत देण्याचा निर्णय जाहीर केला. हे जीवाश्म तेथील लोकांच्या इच्छेविरुद्ध नेले गेले असावेत, आणि गावकऱ्यांस त्यांचे मोल व महत्त्व होते, असा अभिप्राय यासाठी नेमलेल्या समितीने दिला. ज्या हाडांस त्रिनिलकडील लोक बालुंग बुतो म्हणत, तीच ही हाडे.